जिथे हुकूम चालतो ते दोन एकर

मी, अच्युत दिगंबर पिशोरकर, वय वर्षे छप्पन्न, व्यवसाय एका मराठी दैनिकाचा जिल्हा वार्ताहर, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या अकलेने आणि शनिवारी सकाळचा चहा घेतल्यानंतर लिहायला घेत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. पत्नी सरिता समोर मेथी निवडत बसली आहे व अधूनमधून "काय लिहिलंत?" असे विचारते आहे. तो दाब समजू नये. ती देखरेख आहे.

कारण लिहून ठेवतो. पुढच्या सोमवारी, दिनांक २३ मार्च रोजी, माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. तीन रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत. डॉक्टर तरुण आहेत. ते म्हणाले, "काका, घाबरण्यासारखं काही नाही. पण कागदपत्रं जागच्या जागी असलेली बरी." तीस वर्षे बातम्या लिहिल्यामुळे खरी बातमी दुसऱ्या वाक्यात असते हे मला कळते.

वाचणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावे की या कागदात खरा प्रश्न एकच आहे: कन्नड तालुक्यातल्या माझ्या शेतातले ओढ्याकडचे दोन एकर कडुबा साळवे याला मिळतात की नाही. कडुबा हा आमचा सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा माणूस. ही बोली चाळीस वर्षे चालू आहे. बाकीची कलमे किरकोळ आहेत, पण ती आधी घेतो. अवघड काम मागे ढकलायची सवय मला फार जुनी आहे आणि मरणाच्या दारातही ती सुटेना.

कलम एक. घर. उस्मानपुऱ्यातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट सरिताला, संपूर्ण. तिने तो विकावा, भाड्याने द्यावा किंवा त्यात राहून माझ्याविषयी तक्रार करावी. गॅलरी बंद करून केलेल्या खोलीला मी सोळा वर्षे अभ्यासिका म्हणत आलो. ती मुळात कपडे वाळत घालायची जागा आहे हे तिचे म्हणणे मी या कागदान्वये मान्य करतो. माझ्या पश्चात तिथे पुन्हा दोरी बांधण्यास माझी हरकत नाही. हयातीत होती.

कलम दोन. बँकेतली शिल्लक व भविष्यनिर्वाह निधी सरिताला, तिच्यानंतर मुलगी तनुजाला. आकडे लिहीत नाही. बँकेला ते ठाऊक आहेत आणि साक्षीदारांना हसू आवरणार नाही.

कलम तीन. धंद्याची हत्यारे. स्कूटर, आवाज टिपायचे यंत्र आणि बातम्यांच्या एकशे चाळीस वह्या माझा सहकारी छायाचित्रकार सर्जेराव याला. वह्यांतले अक्षर त्याला लागणार नाही, पण रद्दीवाल्याकडे जाण्याआधी त्याने त्या एकदा उघडून पाहाव्यात एवढीच अट. वीटभट्टीवरच्या वेठबिगारांच्या सुटकेच्या सात बातम्या आम्ही दोघांनी मिळून केल्या. त्यांतल्या चौथ्या बातमीला मला एक सन्मानचिन्ह मिळाले. ते सर्जेरावाला देत नाही, कारण ते मी कोणालाच देऊ इच्छित नाही. त्याचे काय करायचे ते पुढे कळेल.

मुख्य कार्यालयातल्या ज्या उपसंपादकाने माझ्या बातमीतला शेवटचा परिच्छेद नेहमी कापला, त्याला मी क्षमा करतो. माझ्या श्रद्धांजलीच्या बातमीत मात्र त्याने "कधीही न भरून येणारी पोकळी" हे शब्द घालू नयेत. माझी जागा आठ दिवसांत भरली जाईल हे मला आणि त्याला दोघांना माहीत आहे. त्याच्याकडे अर्जही आले असतील.

कलम चार. हस्तलिखित. हे जरा लांबणार आहे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धावर, त्या काळच्या राष्ट्राध्यक्षावर, म्हणजे लिंकनवर, आणि तिथली गुलामगिरी कशी संपली यावर मी सोळा वर्षे एक पुस्तक लिहीत आहे. पाने नऊशे बारा. मी संस्कृत घेऊन एम.ए. झालेला माणूस आहे. गुलामांच्या लिलावाचे वर्णन आले की माझी वाक्ये एकमेकांना चिकटून लांबच लांब होतात असे तनुजा म्हणते. पुस्तकाला मी पहिले नाव दिले होते "दास्यविमोचन". सरिता म्हणाली, "दंतमंजनाचं वाटतंय." तेव्हापासून पुस्तक बिननावाचे आहे.

प्रकाशक काकासाहेब यांनी ते अकरा वर्षे "बघू" म्हणून ठेवले. पहिल्या भेटीत म्हणाले, "अच्युतराव, आपल्या लढाया कमी पडल्या का? अमेरिकेची कोण वाचणार?" पाच वर्षांनी म्हणाले, "त्यात जरा कुटुंब आणा." मी म्हटले, "त्याची बायको आहे, मुले आहेत, एक मुलगा युद्धाच्या धामधुमीत वारलाही." ते म्हणाले, "तसं नव्हे हो. आपल्याकडचं कुटुंब." काकासाहेबांवर माझा राग आहे, तो इथे नोंदवतो. त्यांनी या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायचे कबूल केले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त लिहिणाऱ्याने सही केली हे पाहायचे असते, ही तरतूद त्यांना मानवण्यासारखी आहे.

या माणसात मी का अडकलो ते सांगतो. लिंकनने १८६२च्या जुलैमध्ये गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे वाचला. एका मंत्र्याने सुचवले की आपल्या फौजा मार खात आहेत, आत्ता हे काढलेत तर लोकांना ती हरणाऱ्याची ओरड वाटेल. एखादा विजय हाती येऊ द्या. लिंकनने मसुदा बाजूला ठेवला. सप्टेंबरात विजय म्हणता येईल इतपत एक लढाई झाली, तेव्हा बाहेर काढला, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यावर सही केली. माझे अकरावे प्रकरण या थांबण्यावर आहे. त्यात मी धैर्य, संयम, कालज्ञता हे शब्द एकोणीस वेळा वापरले आहेत. तनुजाने मोजले.

दोन वर्षांपूर्वी मी हे प्रकरण कडुबाला वाचून दाखवले. शेतात, विहिरीच्या कठड्यापाशी, भर दुपारी. तो ठिबकच्या नळीतला कचरा काढत होता. मला वाटले होते, त्याला गहिवर येईल. त्याच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, त्याची बायको पारूबाई रोज विहारात जाते. हा विषय त्याला माझ्यापेक्षा जवळचा, असे मी धरून चाललो होतो. ते खरेच निघाले, पण मी धरले होते तसे नाही.

"थांबा मालक," तो म्हणाला. "म्हंजी जे त्याच्यावर उलटले व्हते, त्यांचे गुलाम त्यानं सोडले."

"हो."

"तिथं त्याचा हुकूम चालत व्हता?"

"तेव्हा नाही. तिथे लढाई चालू होती."

"आन त्याच्या बाजूनं व्हते त्यांच्यातबी गुलाम व्हते का?"

"चार प्रांतांत होते."

"त्यांचे सोडले?"

"जाहीरनाम्यात नाही. ते दुखावले असते, उठून तिकडे मिळाले असते. शिवाय घटनेप्रमाणे त्याला तसा अधिकार..."

कडुबाने नळीत फुंकर मारली. "म्हंजी जिथं हुकूम चालत नव्हता तिथले सोडले, आन जिथं चालत व्हता तिथले ऱ्हाऊ दिले."

मी त्याला सगळे समजावले. फौज पुढे सरकली तसतसे लाखो लोक खरोखर सुटले, काळे लोक स्वतः बंदुका घेऊन लढले, आणि शेवटी घटनेतच दुरुस्ती होऊन गुलामगिरी सगळीकडे बंद झाली. तो म्हणाला, "बरं झालं. पर घरच्याला उशीर लागला."

हा आक्षेप त्या काळच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनीही घेतला होता. मला तो ठाऊक होता. मी तो तळटीपेत टाकला होता. कडुबाने तो मजकुरात आणला.

हस्तलिखित तनुजाला देतो. मी वाचलो तर अकरावे प्रकरण मीच पुन्हा लिहीन. न वाचल्यास तिने निदान ती तळटीप वर घ्यावी आणि एकोणीसपैकी अठरा शब्द काढून टाकावेत. उरलेला कोणता ठेवायचा ते तिने ठरवावे.

कलम पाच. धाकटा भाऊ राजेंद्र, राहणार कन्नड, धंदा पाइप व मोटारपंपांचे दुकान.

वडील २००९ साली गेले. जाण्याच्या आधी चार दिवस त्यांनी आम्हा दोघांना जवळ बोलावून सांगितले, "ओढ्याकडचे दोन एकर कडुबाला द्या. मी करायला पाहिजे होतं, राहून गेलं." हे शब्द मी ऐकले. राजेंद्रनेही ऐकले. आता तो म्हणतो की वडील औषधांच्या गुंगीत होते. त्याच गुंगीत त्यांनी दुकानासाठी रस्त्यावरची जागा राजेंद्रला द्यायला सांगितली होती. ती गुंगी त्याला मान्य आहे.

२०११ साली वाटणी झाली. दहा एकरांतले पाच त्याला, पाच मला. ओढ्याकडचा तुकडा माझ्या पाचात आला, म्हणजे प्रश्न सुटला असे कोणालाही वाटेल. २०१२ मध्ये मी मुद्रांक आणून बक्षीसपत्राचा मसुदा टाइप करून घेतला. मग राजेंद्रचा फोन आला.

"दादा, तू अमेरिकेतले गुलाम सोड, तुला कोण अडवतंय? माझ्या विहिरीवर नवा मालक आणू नको."

"विहीर दोघांची आहे. त्याला आठवड्यातली माझी पाण्याची एक पाळी मिळेल. आणि चोवीस तास पाणी तोच तर धरतो तुझ्याही उसाला."

"गडी म्हणून धरतो. मालक म्हणून बांधावर उभा राहिला की उद्या माझे गडी मला विचारतील. तुला काय, तू उस्मानपुऱ्यात बसून लेख लिहिणार."

"बाबांचा शब्द आहे, राजू."

"मग असं कर, शब्द पाळ आणि आईला भेटायला येणं बंद कर. माझ्या घराची पायरी तुला बंद."

आई त्याच्याकडे राहत होती. मी मसुदा खणात ठेवला. एकत्र कुटुंब फुटू नये म्हणून थोडे थांबायचे, योग्य वेळ येऊ द्यायची, असे मी स्वतःला सांगितले, आणि हे सांगण्यासाठी मला थेट एका राष्ट्राध्यक्षाचा आधार मिळाला. त्याच्यावर मी प्रकरण लिहीत होतोच.

२०२१ मध्ये आई गेली. राजेंद्रकडे आता धाक घालायला काही उरले नाही. त्यालाही पाच वर्षे झाली. त्या पाच वर्षांसाठी मजजवळ कसलेच कारण नाही. शोधले. नाही सापडले. लिंकनचा मसुदा दोन महिने थांबला होता, माझा चौदा वर्षे. त्या मुद्रांकाची मुदत सहा महिन्यांत संपते हे तो विकणाऱ्याने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

राजेंद्रला माझ्या मिळकतीतून काही देत नाही, त्याला गरजही नाही. पुस्तक छापले गेले तर त्याला दोन प्रती पाठवाव्यात. एक वाचायला आणि एक दुकानात ठेवायला. वाचायची सक्ती नाही. सन्मानचिन्हही त्यालाच द्यावे. त्यावर "वेठबिगारमुक्तीच्या कार्याबद्दल" असे कोरले आहे. धाकट्या भावाने थोरल्याला कायमचे हसावे, यासाठी याहून सोयीची वस्तू मजपाशी नाही.

कलम सहा. ओढ्याकडचे दोन एकर. हे कलम मी शनिवारी पुढीलप्रमाणे लिहिले होते: "माझ्या मालकीच्या पाच एकर क्षेत्रापैकी ओढ्याकडील दोन एकर व विहिरीवरील आठवड्यातील एक पाळी माझ्या मृत्यूनंतर कडुबा फकिरा साळवे यांना निरपेक्ष मालकीहक्काने मिळावी. त्यास माझ्या वारसांनी अगर बंधूंनी कोणत्याही प्रकारे अडथळा करू नये."

वरील मजकूर खोडला आहे. खोडलेला दिसेल असाच ठेवला आहे व बाजूला सही केली आहे. का खोडला ते सांगणे भाग आहे, कारण उद्या राजेंद्र हाच खोडलेला मजकूर घेऊन कोर्टात जाईल आणि म्हणेल, बघा, दादाचे मन फिरले.

रविवारी कडुबा आणि पारूबाई मला बघायला आले. कन्नडहून एसटीने, चिंचेची पिशवी घेऊन. सरिताने चहा ठेवला. पारूबाई माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "दादा, लई वाळले हो तुम्ही."

"डॉक्टरनं जेवण तोडलंय."

"तोडायला त्याला काय जातंय. त्याच्या घरी का शिजतंय?"

मला बरे वाटले, आणि त्या भरात मी कागद काढून सहावे कलम मोठ्याने वाचले. मला, खरे लिहायचे तर, स्वतःचे डोळे भरून येतील असे वाटत होते. "निरपेक्ष मालकीहक्काने" हे शब्द मी जरा थांबून उच्चारले.

कडुबा म्हणाला, "चांगलं लिव्हलंय."

"चांगलं काय," पारूबाई म्हणाली, "मला तर काय उमगंना. जमीन दिली का नाय?"

"दिली की."

"कवा?"

"माझ्या मृत्यूनंतर."

कडुबाने कप खाली ठेवला. "आन तुम्ही बरे झाले तर?"

"मग... मग तेव्हा बघू."

"मालक, ही आज सकाळच्याला विहारात जाऊन तुमच्यासाठी मेणबत्ती लावून आली. तुमचं ऑपरेशन नीट व्हावं म्हणून." त्याचा आवाज चढला नव्हता, पण तो माझ्याकडे न बघता पिशवीकडे बघत होता. "आता उद्यापासून तिनं कशासाठी लावायची, तेवढं सांगा."

मी घाईने म्हणालो की हा कायद्याचा रस्ता आहे, लिंकनच्या बाबतीतही घटनेतली ती दुरुस्ती त्याच्या खुनानंतरच पूर्ण झाली, मोठ्या गोष्टींना...

"त्यानं जिता असताना रेटली का नाय?"

"रेटली. मते गोळा केली, जंग जंग पछाडले."

"मंग?"

तीस वर्षांत पुढाऱ्यांना मी हजारो प्रश्न विचारले असतील. एवढा छोटा एकही नव्हता.

"जमिनीचं ऱ्हाऊ द्या," कडुबा म्हणाला. "एक गोष्ट बोलतो, राग मानू नका. मी साल धरलं तवा मोठे मालक दर पाडव्याला इचारायचे. कडुबा, यंदा काय इचार हाय? राहतो का जातो? मी राहतो म्हणायचो. मंग नवं धोतर द्यायचे, गूळ द्यायचे. सात पाडवे असं इचारलं. मंग बंद झालं. धोतर आलं, गूळ आला, पर इचारायचं बंद झालं. तुमच्या हातात कारभार आला. तुम्ही तर येकदाबी नाय इचारलं."

मी म्हणालो, आणि हे मनापासून म्हणालो, "अरे, तू घरचाच. तुला काय विचारायचं?"

"घरच्याला इचारत नसतेत व्हय?"

"नसतात," सरिता आतून म्हणाली. तो वेगळा दावा आहे व तो या कागदात घेत नाही.

"इचारलं असतं तर नाय म्हणलो असतो का, ते मलाबी म्हाईत नाय," कडुबा म्हणाला. "गेलो नसतो बी. कुठं जाणार व्हतो? पर इचारायला पाहिजे व्हतं."

इथे मला माझी चूक नोंदवायची आहे, आणि ती जमिनीच्या उशिराहून मोठी आहे. न विचारण्याला मी माया समजत होतो. लोकांचे सालगडी दर पाडव्याला बदलतात, आमच्याकडे विचारावेही लागत नाही, हे मी पाहुण्यांना कौतुकाने सांगत आलो. सोळा वर्षे मी दुसऱ्या खंडातल्या लोकांच्या मुक्ततेचे दाखले जमवत होतो, तेव्हा माझ्या शेतावर सतरा पाडवे हा एक प्रश्न विचारायचा राहत होता. त्याला मुद्रांक लागत नव्हता, राजेंद्रची परवानगीही नाही.

ते दोघे गेल्यावर सरिताने मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, "उद्या छापू म्हणालं की बातमी मेली, असं तुम्हीच पोरांना शिकवता ना?"

काल, सोमवारी, दस्तलेखकाकडे बसून नवे बक्षीसपत्र केले. आज मंगळवार. आज दुपारी कन्नडच्या कचेरीत त्याची नोंदणी झाली. राजेंद्रचे दुकान तिथून चार मिनिटांवर आहे. त्याला फोन केला, त्याने उचलला नाही. कडुबाचा अंगठा यंत्राने तीनदा नाकारला. चाळीस वर्षे दावण, नांगर आणि दगड यांनी रेषा पुसट केल्या होत्या. मग पाण्याने हात धुऊन, धोतराला पुसून, डाव्या हाताच्या बोटावर काम झाले. कारकुनाने नाव वाचून खात्री करून घेतली, "श्री. कडुबा फकिरा साळवे?" आमच्या घराच्या कोणत्याही कागदावर त्याच्या नावामागे "श्री." पहिल्यांदाच लागले. तो "व्हय" म्हणाला आणि पारूबाईने पदर तोंडाला लावून हसू दाबले.

सबब ओढ्याकडील दोन एकर हे आता माझे नाहीत. जे माझे नाही ते मला मृत्युपत्राने देता येत नाही. म्हणून कलम सहा रद्द. राजेंद्रने कोर्टात हा कागद जरूर दाखवावा.

कलम सात. उरलेले तीन एकर तनुजाला. ते कसणार कोण, याची ओळ मी मोकळी सोडली आहे:

..............................................................

ती मोकळी का, तेही लिहितो. कचेरीतून बाहेर पडून आम्ही उसाच्या रसाच्या गाड्यावर उभे राहिलो. डॉक्टरने मला रस मना केला आहे, म्हणून मी कडुबाचा ग्लास धरून उभा होतो. परवा, गुरुवारी, पाडवा. मी घसा साफ केला आणि विचारले, "कडुबा, परवा पाडवा आहे. उरलेल्या तीन एकरांचा यंदा काय विचार आहे? साल धरायचं का नाही?"

त्याने माझ्या हातातून ग्लास घेतला. सावकाश प्याला. मिशीला लागलेला फेस पुसला.

"बघतो," म्हणाला.

"बघतो म्हणजे?"

"म्हंजी बघतो. आधी माझ्या दोन एकरात काय पेरायचं ते ठरवू दे. हिला इचारतो."

"पाडव्यापर्यंत सांगशील?"

"काय घाई हाय?"

पारूबाई म्हणाली, "दादा, आमचा येक बैल म्हातारा झालाय, त्याचंबी बघायचंय." याचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध ते मला कळले नाही. तिने समजावूनही सांगितले नाही. दोघे एसटीच्या दिशेने गेले. मी तिथेच उभा राहिलो, रसवाल्याने दोनदा विचारले, साहेब, अजून एक देऊ का.

मला हो किंवा नाही लागते. माझा सगळा धंदा त्यावर चालला. येत्या सोमवारी माझी छाती उघडणार आहेत आणि माझ्या शेताचे काय हे मला माहीत नाही. याचा मला आज दिवसभर राग येत आहे आणि तो कोणावर काढावा हे सुचत नाही, म्हणून इथे लिहिला.

तरी सरिता आणि तनुजा यांना माझी सूचना अशी. मी असेन तर उत्तर आल्यावर वरची ओळ मी भरीन. मी नसेन, आणि तोवर उत्तर आलेले नसेल, तर सरिताने कडुबाला एकदा विचारावे. एकदाच. मधल्या काळात धोतर, गूळ काही पाठवू नये. ते पाठवले की विचारल्यासारखे होत नाही. राजेंद्रला मध्ये घालू नये. वडिलांची आठवण काढू नये, माझीही नाही. विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. त्यात जून गेला, पेरणी हुकली आणि तीन एकर एक वर्ष पडीक राहिले, तरी राहू द्यावेत.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला आहे, दोनदा वाचला आहे आणि सरिताने एकदा ऐकला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. खालील दोन साक्षीदारांसमक्ष सही करतो. सही करताना ते दोघे मला बघत होते आणि मी त्यांना.

सही
अच्युत दिगंबर पिशोरकर

साक्षीदार पहिले: काकासाहेब, प्रकाशक. (मजकूर न वाचता सही.)
साक्षीदार दुसरे: शिवराज, खालच्या मजल्यावरचे औषध दुकानदार. (मजकूर वाचून सही. कलम सात दोनदा वाचले.)

स्थळ: उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १७ मार्च २०२६, मंगळवार